नात्याचा रकाना

माझा मामा माझ्या पाया पडतो. सत्तरी ओलांडलेला, गावाचा दोनदा सरपंच राहिलेला, कोणापुढं मान न वाकवणारा माणूस. पण मी दारात पाय ठेवला की वाकलाच. आमच्याकडं भाचा-भाची म्हणजे देव. वयानं कितीही लहान असो, मामानं पाया पडायचं आणि कार्यप्रसंगी परातीत पाय धुवायचे. भाच्यानं लाजून पाय मागं घ्यायचा, मामानं तो धरून पुढं ओढायचा, सगळ्यांनी हसायचं, अशी ती रीत आहे. बाहेरच्या लोकांना ऐकूनच हसू येतं. खुशाल हसा. पाया पडून झालं की हाच मामा तासभर माझी हजेरी घेतो, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला बरं वाटतं.

मी रविता. आमगावात स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. टायपिंग, ऑनलाइन अर्ज, सातबारा, लग्नपत्रिका, जे म्हणाल ते. लोक म्हणतात मॅडम चिडक्या आहेत. आहे मी चिडकी. एकच अर्ज चार वेळा चुकवून आणला तर कोण पेढे वाटेल? पण माझं काम चोख असतं, हे माझं बोलणं खाल्लेला माणूसही कबूल करतो. लोकांचे अर्ज लिहून लिहून माझी लिहायची मराठी सरळ झाली. बोलायची नाही झाली, आणि होऊही नये.

संक्रांत झाली आणि मामा दुकानात आला. माझा मामा तुलसीराम बिसेन. त्याच्या धाकट्या मुलीचं, रुचीचं लग्न ठरलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं हुकूम सोडला.

"रुचीची पत्रिका ग्रुपवर नाही टाकाची."

"काऊन?"

"मुन्नालालनं टाकली होती. काय झालं माहीत आहे ना?"

माहीत होतं. मामाच्याच गावच्या मुन्नालालनं पोराच्या लग्नाची पत्रिका मोबाइलच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, सर्वांनी यावे. सर्वांनी म्हणजे कोणी? नागपूरचे आले नाहीत, रायपूरचे आले नाहीत. म्हणाले, गावभर फिरलेला नेवता कोणाच्याच नावाचा नसतो. तीन पंगतींचं अन्न उरलं. गावातल्या लोकांना मामा स्वतः हळदीचे तांदूळ घेऊन घरोघरी जाणार होता, त्याची चिंता नव्हती. चिंता होती बाहेरच्या नोकरीवाल्या सोयऱ्यांची. हे बदलीचे लोक. आज इथं, उद्या तिथं. त्यांचं घर बदलतं, पण मेलचा पत्ता काही बदलत नाही.

"मेल करू," मी म्हटलं. "दरेकाले त्याच्या नावानं."

"अडीचशे वेळा लिहिशील?"

"एकदाच लिहीन."

मामानं माझ्याकडं असं पाहिलं की मी दिवसाढवळ्या घेतली आहे. मग मी त्याला स्क्रीनवर दाखवलं. पत्राचा मसुदा एकच करायचा. जिथं नाव यायचं तिथं नाव लिहायचं नाही, कंसात नुसती एक खूण ठेवायची. हिला मॅक्रो म्हणतात. पाठवायच्या वेळी प्रोग्राम आपल्या पत्त्यांच्या वहीत जातो, त्या माणसाची ओळ काढतो आणि खुणेच्या जागी त्याचं नाव बसवतो. पुढच्या माणसाला पुढचं नाव.

"मंजे पंगतीत वाढणाऱ्यासारखा," मामा म्हणाला. "पत्रावळ पाहून वाढते."

"हो जी. तसंच समजा."

"पण नुसत्या नावानं भागत नाही बाई. नातं लावा लागते. व्याह्याले व्याही म्हणा लागते, साळ्याले साळा. सगळ्याइले 'प्रिय महोदय' म्हटलं तं ते काय बँकेचं पत्र आहे?"

हे मात्र त्याचं खरं होतं आणि मला ते आवडलं. मी वहीत एक नवा रकाना टाकला, नात्याचा. त्यात व्याही लिहिलं की पत्राच्या सुरुवातीला 'आदरणीय व्याहीजी, राम राम' येणार. भाचा किंवा भाची लिहिलं की 'पूज्य भाचेबुवा' नाही तर 'पूज्य भाचीबाई, मामाचा चरणस्पर्श'. आणि ज्याचं काहीच नातं नाही, गावचा ओळखीचा, जुना शेजारी, त्याचा रकाना रिकामा ठेवायचा. रकाना रिकामा दिसला की प्रोग्रामनं त्याच्या ओळीतलं वय पाहायचं. मामापेक्षा मोठा असला तर 'सादर प्रणाम', लहान असला तर 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद'. हा नियम मीच बसवला. चांगला नियम होता, अजूनही मी तेच म्हणेन.

पहिलं पत्र मी स्वतःला पाठवून पाहिलं. मोबाइल मामाच्या हातात दिला. 'पूज्य भाचीबाई रविता, मामाचा चरणस्पर्श.' त्यानं वाचलं आणि सवयीनं खुर्चीतल्या खुर्चीत अर्धा वाकला.

"मशीनले रीत समजते," तो म्हणाला. छाती दोन बोटं फुगली होती.

मग रोज दुपारी दुकानातली गर्दी ओसरली की मामा येऊन बसायचा, मी एकेक नाव वाचायची आणि तो नातं सांगायचा. मजा होती ती. आमच्या पोवार समाजात कोण कोणाचा काय लागतो हे उकलायला बसलं तर दोन नाती निघतातच. दुर्गाप्रसाद म्हणून मामाचा शाळेतला दोस्त, त्याची पोरगी मामाच्या घरात सून म्हणून आली.

"दोस्त लिहू का व्याही?"

"व्याही लाव. दोस्त लिहिलं तं रुसून बसेल. दोस्त होता तेव्हाही रुसेच."

भाच्यांची पाळी आली तेव्हा नुसतं भाचा लिहून चालेना. मामाला तीन बहिणी. म्हणून कोणाचा भाचा तेही लिहायचं ठरलं. माझ्यापुढं माझ्या आईचं नाव आलं, माझ्या भावांपुढंही तिचंच. मधल्या मावशीची पोरं झाली. आणि मग स्क्रीनवर ओळ आली तिलकची.

"तिलक पटले, भिलाई," मी वाचलं.

मामा खिडकीतून बाहेर पाहू लागला. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. मालगाडी उभी होती.

तिलक म्हणजे गोमतीमावशीचा एकुलता एक. गोमतीमावशी मामाची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा मामाला हिनंच कडेवर घेऊन वाढवलं. सहा वर्षांपूर्वी ती मामाच्या घरीच आजारी पडली. तिलक भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आहे, पण त्या वेळी त्याला कामावर केरळात पाठवलं होतं. मावशी शेवटपर्यंत विचारत राहिली, तिलक आला का. उशाशी मामा बसलेला. तो दर वेळी म्हणायचा, निघाला आहे, येऊनच राहिला. तिलक पोचला तेव्हा चिता विझली होती.

तेरवीच्या दिवशी रीतीप्रमाणं परात मांडली. तिलक परातीत पाय ठेवून उभा राहिला. मामानं लोटा उचलला आणि तसाच खाली ठेवला. सगळा समाज बसलेला असताना म्हणाला, माय वाट पाहता पाहता मेली, अन् मी याचे पाय धुवू? आणि उठून आत निघून गेला. तिलक त्या कोरड्या परातीत किती तरी वेळ उभा होता. मग बाहेर आला, चपला घातल्या आणि गेला. तेव्हापासून मामाच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नाही.

मी मध्ये पडून पाहिलं होतं. मावसभाऊ आहे माझा, मला मानतो. पण त्यानं पहिल्याच वेळी सांगितलं, ताई, घरी ये, जेव, चार दिवस राहा. मामाचं नाव तेवढं काढू नको. मामा तर त्याहून वरचढ. म्हणतात ना, काठी मारल्यानं पाणी तुटत नाही. नसेल तुटत. पण हे दोघं काठी घेऊन पाण्यात उभे राहिलेले लोक.

आणि आता रुचीचं लग्न. मामाच्या घरी लग्नात थोरल्या बहिणीच्या मुलाचे पाय आधी धुतात, मग मांडवाला हात लावतात. रुची शेवटची. तिच्यानंतर त्या घरात परात निघायची नव्हती. हे मला कळत होतं, मामालाही कळत होतं, आणि आम्ही दोघं मालगाडी पाहत बसलो होतो.

"काढून टाकू का ओळ?" मी मुद्दामच विचारलं.

"कोण म्हणते काढ म्हणून?"

"मंग नातं काय लिहू?"

"पुढं चाल."

"मामाजी, एक शब्द सांगाचा आहे."

"पुढं चाल म्हटलं ना."

माझं डोकं तापलं. मी खाडकन पुढची ओळ उघडली. रकाना मला भरता आला असता, कोणी हात धरला नव्हता. पण नातं लावायचं काम घरच्या मोठ्याचं. त्याच्या तोंडून निघत नसेल तर माझ्या बोटांनी काऊन काढावं? शिवाय आतून मला बरंच वाटलं होतं. ओळ काढली नाही म्हणजे पत्र जाणार. फोन करायचा नाही, झुकायचं नाही, अडीचशे लोकांत एक म्हणून त्याचाही नेवता निघून जाणार. मामाला तेच हवं होतं. म्हटलं जाऊ दे, म्हाताऱ्याची तेवढी तरी वाट मोकळी झाली.

रकाना रिकामा आहे हे मला माहीत होतं. रिकाम्या रकान्याचा नियमही माझाच. पण ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत.

पत्रं गेली. संध्याकाळपासून मामाचा फोन वाजायला लागला. नागपूरचे ईश्वरदास जिजाजी, मामाच्या चुलतबहिणीचे यजमान, ऐंशीच्या घरातले, सगळ्या खानदानात मानाचे, म्हणाले, तुलसीराम, आजकाल कोण इतकं नातं लावून लिहिते, वाचून डोळे भरले. दुर्गाप्रसाद व्याही रुसले नाहीत, हीच मोठी बातमी. रायपूरहून, पुण्याहून, कुठून कुठून उत्तरं आली आणि सगळ्यांना वाटलं की मामानं रात्रंदिवस बसून एकेकाला लिहिलं. मामानं कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. मीही नाही केला. चांगलं काम केलं होतं, कौतुक झालं तर बिघडलं कुठं?

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात येऊन उत्तरं मोजल्यासारखा ऐकू लागला. मी वाचायची, तो मान डोलवायचा. दर उत्तर झालं की विचारायचा, "अजून?" कोणाचं उत्तर हवं होतं ते सांगायची गरज नव्हती.

ते आलं तिसऱ्या दिवशी. मामा समोरच होता. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

"वाच," मामा म्हणाला.

तर मी वाचलं. 'मामाजीले राम राम. पत्र भेटलं. त्यात मले आशीर्वाद दिला आहे. मायनं शिकवलं होतं का मामा भाच्याले आशीर्वाद देत नाही, पाया पडते. मंजे मी आता भाचा नाही राहिलो, फक्त वयानं लहान आहो. बरं झालं, समजलं. रुचीले शुभेच्छा.'

मी पाठवलेलं पत्र उघडलं. 'चिरंजीव तिलक, अनेक आशीर्वाद.' फक्त वयानं लहान. त्यानं माझा नियमच वाचून दाखवला होता, आणि ते त्याला माहीतही नव्हतं.

मामाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"तुह्या मशीननं घात केला," तो म्हणाला. "सगळ्याइले बरोबर वाढलं, अन् माह्या भाच्याच्या पत्रावळीत दगड टाकला."

मी ऐकून घेणारी नाही. घरातलं माणूस असो की बाहेरचं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. "मशीननं तेच केलं जे मी सांगितलं. अन् मी रकाना रिकामा ठेवला, काऊन का तुमच्या तोंडातून शब्द नाही निघाला. तीनदा विचारलं मी."

"तुले नव्हतं माहीत का तो कोण आहे?"

"मले माहीत आहे. तुम्हाले माहीत आहे का नाही, ते विचारून राहिली होती."

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. ते हळूच उठून चहा प्यायला निघून गेलं. मामा बराच वेळ टेबलाच्या कडेला बोटं घासत बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लिही आता. भाचा लिही. चरणस्पर्श येऊ दे, अन् पाठव पुन्हा."

मी 'भाचा' लिहिलं. पत्र तयार होऊन स्क्रीनवर आलं. 'पूज्य भाचेबुवा तिलक, मामाचा चरणस्पर्श.' एकदम बरोबर. एक बटण दाबायचं होतं. पण माझा हातच होईना.

"दाब ना."

"नाही दाबत."

"काऊन?"

"मामाजी, हे सगळ्याइले गेलं तेच पत्र आहे. चूक झाली, दुरुस्त केली, असं त्याले वाटेल, अन् ते खरंच आहे. पण तो रुसला ह्या पत्रावर नाही. तुम्ही चार लोकांत परात सोडून उठले होते. परात मेलनं जाते का?"

बोलून गेले. सांगते ना, चिडकी आहे मी. मामानं वर पाहिलं. टोपी घातली आणि बाहेर पडला. जाताना पाया पडला नाही. जन्मात पहिल्यांदा. मी उरलेला दिवस गिऱ्हाइकांवर खेकसत काढला आणि रात्री नीट जेवलेही नाही. वाटलं, दोन काठ्या होत्याच, तिसरी मी मारली.

सकाळी फोन आला. "दुर्गच्या लोकलवर ये," एवढंच. मी स्टेशनवर गेले तर मामा फलाटावर उभा. पांढरं धोतर, धुतलेला सदरा, आणि खांद्यावर पोतं. पोत्यात काहीतरी मोठं, वाटोळं.

"हे काय?"

"तूच म्हणाली ना, मेलनं जात नाही." मग तो वाकला आणि फलाटावर, सगळ्या लोकांसमोर माझ्या पाया पडला. "काल राहून गेलं होतं."

मी तोंड फिरवून तिकिटं काढायला गेले. डोळ्यांत पाणी आलेलं मला कोणी पाहिलेलं आवडत नाही.

गाडीत गर्दी होती. कचारगडची गोंडांची जत्रा भरली होती आणि सगळा डबा दरेकसाला उतरणारा. पिवळे दुपट्टे, पिवळे झेंडे, जय सेवा, जय सेवा. मामानं पोतं मांडीवर घेतलं होतं. गाडीनं हिसका दिला की आत परात वाजायची. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, "बाजा आहे का बाबाजी?"

"परात आहे. भाच्याचे पाय धुवाले चाललो." मामानं ताठ बसून सांगितलं.

बाईला ते पटलं. तिनं जागा सरकवून दिली. "भाच्यानं बोलावलं?"

"त्याले माहीत नाही."

"मंग त्यानं दार नाही उघडलं तं?" ती म्हणाली. "परत नेताना जड होईल हे."

मामानं पोतं जवळ ओढलं. मीच म्हटलं, "उघडेल." ठणकावून म्हटलं, पण पुढं बोगदा आला तेव्हा अंधारात मीही देवाचं नाव घेतलं. त्यानं खरंच उघडलं नाही तर सत्तरीचा माणूस ही परात खांद्यावर घेऊन उलट्या पावली घरी येणार, आणि मग रुचीचा मांडव कसाही सजो, ह्या माणसाच्या घरात लग्न झालं असं मला तरी म्हणता आलं नसतं. दरेकसाला डबा रिकामा झाला. उतरताना त्या बाईनं परातीला पोत्यावरूनच हात लावून कपाळाला नेला.

भिलाईत तिलकचं क्वार्टर तळमजल्यावर. पुढं जाळीचा व्हरांडा, कुंड्या, सायकल. मी बेल वाजवली. दार अंजूनं उघडलं, तिलकच्या बायकोनं. मला पाहून हसली, मागं मामाला पाहून हसू तिथंच थांबलं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत वळून म्हणाली, "अहो, बाहेर या."

तिलक बाहेर आला. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. मामाला पाहून व्हरांड्याच्या आतच थांबला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

मामानं पोतं उतरवलं. परात काढून फरशीवर ठेवली. पितळेची, जुनी, चिंचेनं घासून आणलेली. तीच ती, तेरवीची. तिलकनंही ओळखली.

"ताई, हे काय आहे?" त्यानं मला विचारलं. मामाला नाही.

"मले नको विचारू," मी म्हटलं. "ज्यानं आणली त्याले विचार."

"आशीर्वाद तं पाठवला होता," तिलक म्हणाला. "पुन्हा कायले तकलीफ घेतली? पत्र लिहिणाऱ्या मशीनची चूक झाली म्हणाले आले असाल, तं समजलं मले. मेलमध्ये होते असं."

मला वाटलं मामा आता हो म्हणेल. सोपं होतं. मशीनवर ढकलायचं, सगळ्यांची इज्जत राहील, दोघंही चहा पितील. मी तयारच होते मान हलवायला.

"मशीनची चूक नाही," मामा म्हणाला. "रकाना मी रिकामा ठेवला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तिलकच्या जबड्याची हाडं दिसली. "काऊन?"

"त्यात कोणाचा भाचा ते लिहा लागे." मामा थांबला. पुन्हा बोलला तेव्हा आवाज त्याचा वाटलाच नाही. "गोमतीचं नाव घ्या लागे. ती गेली तेव्हापासून मी तिचं नाव नाही घेतलं तिलक. घरात कोणाले घेऊ नाही देत. घेतलं का ती विचारते, आला का तिलक. अन् मी म्हणतो, येऊन राहिला. खोटं बोललो मी तिच्यासंगं. मरणाऱ्या माणसासंगं."

सहा वर्षं मी मामाच्या घरात जाऊन येऊन होते. मावशीचा फोटो भिंतीवरून कधी उतरला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मी निघालोच होतो मामाजी," तिलक म्हणाला. "खोटं नव्हतं ते. दोन दिवस गाडीतच होतो."

"माहीत आहे. तेरवीलेही माहीत होतं. कोणावर तरी ओरडाचं होतं, अन् तू समोर होता."

अंजू आत गेली आणि लोटा भरून घेऊन आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. लोटा तिनं मामाच्या हातात दिला नाही, परातीच्या बाजूला ठेवला आणि तिलककडं पाहिलं.

मामा खाली बसला. एक हात भिंतीला, एक गुडघ्याला, असा हळूहळू. बसून त्यानं परात थोडी पुढं सरकवली. तिलक हलेना. मी मनात म्हणत होते, अरे चाल, दोन पावलं आहेत. पण तोंड बंद ठेवलं. त्या दिवशी तेवढं एक शहाणपण मला सुचलं.

तिलकनं चपला काढल्या. आला आणि परातीत पाय ठेवले, आधी एक, मग दुसरा.

मामानं लोटा उचलला. अर्धं पाणी फरशीवर गेलं. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, बोटांच्या मधून, सगळं नीट धुतलं, लहान पोराचे धुवावेत तसं. आणि धुता धुता मोठ्यानं म्हणाला, "माह्या गोमतीचा भाचा." चुकीचंच म्हणाला. गोमतीचा मुलगा, त्याचा भाचा. पण कोणी दुरुस्त केलं नाही, मीसुद्धा नाही.

मग मध्येच थांबून त्यानं वर पाहिलं.

"पाय मागं काऊन नाही घेऊन राहिला? भाच्यानं मागं घ्याचा असते. रीत आहे."

"घेतला तं तुम्ही पुन्हा उठून जाल," तिलक म्हणाला.

मामाच्या हातातला लोटा खाली आला. त्यानं तिलकचे दोन्ही घोटे धरले आणि कपाळ त्याच्या ओल्या पायांवर टेकवलं. तिथूनच म्हणाला, "नाही जात. गुडघे गेले माहे. तू उठवशील तेव्हाच उठीन."

तिलक परातीतून बाहेर आला, ओल्या पायांनी खाली बसला आणि मामाच्या काखेत दोन्ही हात घातले. "चला मामाजी," तो म्हणाला, "मांडवाची तारीख कोणती आहे ते आत बसून सांगा."